लाहोरचे सप्तभाषी बिशप

1857 च्या उठावाची झळ आग्र्याला लागली, तेव्हा शहरातल्या इंग्रजांनी किल्ल्याचा आसरा घेतला. भारतीय ख्रिस्ती कुटुंबांना मात्र आत घ्यायला अधिकारी तयार नव्हते. सेंट जॉन्स कॉलेजचे तरुण प्राचार्य थॉमस वॅल्पी फ्रेंच तिथेच अडून बसले. या माणसांना आत घेत नसाल तर मीही येत नाही, हा त्यांचा हेका होता. शेवटी अधिकाऱ्यांना नमावं लागलं.

फ्रेंच 1825 मध्ये इंग्लंडमधल्या बर्टन गावी एका पाद्र्याच्या घरी जन्मले. शिक्षण थॉमस अर्नोल्ड यांच्या रग्बी शाळेत आणि नंतर ऑक्सफर्डला. ग्रीक-लॅटिनमध्ये पहिला वर्ग, पाठोपाठ फेलोशिप. तिथेच सुखाने आयुष्य गेलं असतं. पण 1850 मध्ये, पंचविशीत, चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने आग्र्यात कॉलेज काढायला ते निघाले.

आल्या आल्या त्यांनी मुनशी लावून भाषा शिकायला घेतल्या. उर्दू, हिंदी, फारसी, अरबी, पुढे पंजाबी आणि पश्तो. लोक त्यांना ‘हफ्त-जबान पाद्री’, म्हणजे सात भाषांचा पाद्री, म्हणू लागले. या कष्टांमागे धर्मप्रसाराचा हेतू होता, हे लपवण्याचं कारण नाही. त्यांनीही तो कधी लपवला नाही. एप्रिल 1854 मध्ये आग्र्यात मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि जर्मन मिशनरी फांडर यांचा जाहीर वाद झाला. फांडर यांचे साथीदार होते फ्रेंच. युरोपातल्या नव्या बायबल-संशोधनाचेच दाखले काढून मौलानांच्या बाजूने मिशनऱ्यांना पेचात पकडलं. ज्याला आपलं म्हणणं पटवायचं, त्याची विद्या किती खोल आहे, याचा हा रोकडा धडा होता.

1862 मध्ये सिंधुकाठच्या डेराजात भागात ते नवं काम उभारायला गेले, पण तब्येत ढासळल्याने वर्ष संपताच त्यांना इंग्लंडला परतावं लागलं. काही वर्षं चेल्टनहॅमच्या चर्चमध्ये काढून 1869 मध्ये ते पुन्हा भारतात आले आणि पुढच्या वर्षी लाहोरला त्यांनी धर्मशास्त्राची पाठशाळा उघडली.

त्यांच्या साऱ्या कामात ही पाठशाळा सर्वांत मोलाची. भारतीय धर्मगुरू म्हणजे इंग्रज पाद्र्याची नक्कल, असंच तेव्हा अनेकांच्या डोक्यात होतं. फ्रेंच यांनी ती चौकटच बाजूला सारली. शिकवणं उर्दूतून. बायबल वाचायचं ते थेट हिब्रू आणि ग्रीकमधून. इंग्रजी भाषांतराचा टेकू नको. विद्यार्थ्यांचा पोशाख, खाणंपिणं, राहणी त्यांच्याच घरची. इथला ख्रिस्ती समाज आपल्या भाषेत विचार करू लागला तरच त्याची मुळं रुजतील, अशी त्यांची ठाम श्रद्धा होती. त्या काळात एका इंग्रजाने असं म्हणणं आणि तसा अभ्यासक्रम चालवून दाखवणं धाडसाचंच.

डिसेंबर 1877 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांना लाहोरचे पहिले बिशप म्हणून दीक्षा मिळाली. पंजाब आणि तेव्हा मुंबई इलाख्यात असलेला सिंध, एवढा पसारा त्यांच्याकडे आला. दहा वर्षं दौरे आणि पत्रव्यवहारात गेली. जॉन ओल्ड्रिड स्कॉट यांनी आराखडा केलेलं लाहोरचं कॅथीड्रल जानेवारी 1887 मध्ये उभं राहिलं आणि त्याच वर्षाअखेर फ्रेंच यांनी राजीनामा दिला.

मान आणि विश्रांती दोन्ही समोर होती. त्यांनी मात्र अरबीचा अभ्यास वाढवला आणि फेब्रुवारी 1891 मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, ते मस्कतला उतरले. हाताशी संस्था नव्हती. गावातून फिरायचं, जमेल त्याच्याशी बोलायचं, अरबी ग्रंथ वाचून दाखवायचे, असा दिवस जाई. तिथल्या उन्हाने त्यांना खचवलं आणि 14 मे रोजी त्यांचा मृत्यू झाला.

लाहोरचं कॅथीड्रल आज चर्च ऑफ पाकिस्तानकडे आहे. आग्र्याचं सेंट जॉन्स कॉलेज अजून चालू आहे. माजी राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा तिथेही शिकले. 1914 पासून कॉलेजचे वर्ग स्विंटन जेकब यांनी आखलेल्या लाल दगडाच्या इमारतीत भरतात.