अडून बसण्यातली गंमत

कोडं घालणाऱ्याला एक अधिकार असतो आणि त्याच्यावर एक जबाबदारीही असते. समोरच्याला अडवायचं, हा अधिकार. उत्तर कळल्यावर मात्र समोरच्यानं कपाळावर हात मारून 'अरेच्चा, हे तर नाकासमोर होतं!' असं म्हटलं पाहिजे, ही जबाबदारी. अधिकार सगळेच बजावतात, जबाबदारी थोडेच पाळतात. आपल्या आजीच्या उखाण्यांना, हिंदी-उर्दूतल्या पहेल्यांना आणि शाहिरांच्या सवाल-जवाबांना हा नियम लागू आहेच. संगणकावरच्या एका जुन्या खेळप्रकारालाही तो तितकाच लागू आहे. आज त्याच खेळांविषयी बोलायचं आहे.

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात, १९९६ साली. माझ्या कवितांची अक्षरजुळणी तिथं चालली होती. संध्याकाळी काम आटोपलं की दुकानातला मुलगा एक खेळ लावायचा. त्यात गोळीबार नव्हता, धावपळ नव्हती, घड्याळही नव्हतं. एक पोरगेला नायक समुद्री चाच्यांच्या बेटावर हिंडत होता आणि जो भेटेल त्याच्याशी गप्पा मारत होता. मी खुर्ची ओढून बसलो, तो तीन महिने उठलो नाही म्हणा ना!

या खेळांना 'पॉइंट अँड क्लिक अ‍ॅडव्हेंचर' म्हणतात. हा खेळ असतो कसा, ते सांगतो. पडद्यावर नाटकातल्यासारखं एक दृश्य असतं. खोली, गल्ली, बंदर, काहीही. माउसचा बाण एखाद्या वस्तूवर नेऊन टिचकी मारायची. वस्तू उचलता येते, उघडता येते, ढकलता येते. माणूस असेल तर त्याच्याशी बोलता येतं. उचललेल्या वस्तू नायकाच्या पोतडीत जमा होतात. पुढं दार बंद असतं, पूल तुटलेला असतो किंवा पहारेकरी वाट अडवून उभा असतो. पोतडीतली कुठली वस्तू कुठं, कशाबरोबर वापरली की वाट मोकळी होईल, हे आपण शोधायचं. गोष्ट आपल्यासाठी थांबून राहते. आपल्याला सुचेल तेव्हाच ती पुढं सरकते.

या प्रकाराचा उगम एका खऱ्याखुऱ्या गुहेत आहे. विल क्राउदर या अमेरिकन प्रोग्रॅमरला गुहा धुंडाळण्याचा नाद होता. केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या अवाढव्य गुहेवरून त्यानं १९७०च्या दशकाच्या मध्यावर एक खेळ रचला आणि १९७७ मध्ये डॉन वुड्सनं त्यात मोठी भर घातली. त्यात चित्र एकही नव्हतं. पडद्यावर वर्णनाची वाक्यं यायची आणि खेळणाऱ्यानं आज्ञा टाइप करायची. १९८० मध्ये रॉबर्टा आणि केन विल्यम्स या दांपत्यानं 'मिस्टरी हाउस'मध्ये रेघांची चित्रं आणली, तरी टाइप करणं सुटलं नाही. त्यात एक वैताग होता. आपण 'उचल' लिहावं, तर यंत्राला फक्त 'घे' कळायचं. कोड्याचं उत्तर ठाऊक असूनही शब्द चुकला म्हणून माणूस नापास!

१९८७ मध्ये रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक यांनी 'मेनिअ‍ॅक मॅन्शन' या खेळात यावर तोड काढली. घे, दे, उघड, ढकल, ओढ अशी क्रियापदं त्यांनी पडद्यावरच मांडून ठेवली. क्रियापदावर टिचकी, मग वस्तूवर टिचकी, की वाक्य तयार. सारं जग डझन-पंधरा क्रियापदांत बसवायचं, ही कल्पना कुठल्याही कवीला मोहात पाडील.

आता चांगलं कोडं आणि वाईट कोडं कसं ओळखायचं? अमीर खुसरोच्या नावावर ज्या पहेल्या सांगितल्या जातात, त्यांचे परंपरेनं दोन प्रकार मानलेत. एकीला म्हणतात बूझ पहेली. तिचं उत्तर तिच्याच शब्दांत लपलेलं असतं. दुसरी बिनबूझ, तिचं उत्तर बाहेरून आणावं लागतं. आपल्याकडच्या पंडितांनी यांनाच अंतर्लापिका आणि बहिर्लापिका म्हटलंय. पण बाहेरून म्हणजे कुठून? तर घालणारा आणि सोडवणारा दोघांच्याही ओळखीच्या जगातून. चूल, नांगर, चंद्र, आरसा अशा सगळ्यांनी पाहिलेल्या वस्तूंतून. या दोन प्रकारांत न बसणारं तिसरं एक कोडं असतं. त्याचं उत्तर फक्त घालणाऱ्याच्या डोक्यात असतं. ते कोडं नव्हे, ती अडवणूक.

हे तिन्ही प्रकार या खेळांत सापडतात. १९९०च्या 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड'मधली तलवारबाजी घ्या. तिथं हात चालवून जिंकायचं नसतं, जीभ चालवून जिंकायचं असतं. प्रतिस्पर्धी एक टोमणा मारतो, त्याला चपखल प्रत्युत्तर दिलं की आपलं पाऊल पुढं. उत्तर ठाऊक नसेल तर हरायचं, पण हरताना त्याचा टोमणा आपल्या संग्रही जमा होतो. तोच दुसऱ्या चाच्यावर टाकायचा आणि तो काय उत्तर देतो ते ऐकून ठेवायचं. अशी शिदोरी घेऊन शेवटी बेटावरल्या सर्वश्रेष्ठ तलवारधारिणीसमोर उभं राहायचं, तर तिचे टोमणे सगळे नवे! पण आपली जुनीच उत्तरं त्या नव्या टोमण्यांना नेमकी लागू पडतात, फक्त अर्थ नीट लावावा लागतो. उत्तरं सारी खेळातच ठेवलेली, म्हणून ही अस्सल अंतर्लापिका. दुकानातला मुलगा आणि रोज येणारा त्याचा मित्र दोघेही बी.कॉम.चे. इथं मात्र माझ्या बी.ए.ला भाव आला.

मराठी माणसाला या प्रसंगात कलगी-तुऱ्याची आठवण आल्याशिवाय राहणार नाही. तुरेवाले शिवाला श्रेष्ठ मानणारे, कलगीवाले शक्तीला. एका फडानं कवनातून भेदिक सवाल टाकायचा, दुसऱ्यानं कवनातूनच त्याचा भेद उकलायचा. या पुण्यानं उत्तर पेशवाईत शाहिरांचा बहर पाहिला. त्यांतले सगनभाऊ जन्मानं मुसलमान, मूळचे जेजुरीचे आणि धंद्यानं शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. हत्यारालाही धार आणि शब्दालाही धार! चाच्यांच्या बेटावर सगनभाऊ उतरले असते तर त्यांना परकं वाटलं नसतं, असं मला नेहमी वाटतं.

आता तिसरा प्रकार, अडवणुकीचा. १९९०च्याच 'किंग्ज क्वेस्ट ५'मध्ये एक मांजर उंदरामागं धावत जातं. त्या क्षणी आपण मांजराला जुना बूट फेकून मारला नाही, तर खेळ काही बोलत नाही. बऱ्याच वेळानं नायकाला तळघरात बांधून टाकतात आणि दोर कुरतडायला उंदीर येतच नाही. खेळ तिथंच संपतो. १९९९च्या 'गेब्रिएल नाइट ३'मध्ये तर कहर आहे. नायकाला मित्राचं सोंग घेऊन दुचाकी भाड्यानं मिळवायची असते. त्यासाठी मांजराचे केस चिकटपट्टीवर गोळा करायचे आणि ते पाकाने ओठांवर चिकटवून मिशी करायची. बरं, मित्राला मिशीच नाही! म्हणून त्याच्या पारपत्रावरच्या फोटोलाही पेनानं मिशी काढायची. हे सुचणार कोणाला? या खेळांच्या अधोगतीचा विषय निघाला की आजही या मिशीचा दाखला दिला जातो.

भाषेमुळं होणारी अडवणूक आणखी वेगळी. 'मंकी आयलंड'च्या १९९१ मधल्या दुसऱ्या भागात धबधब्याचा पंप बंद करायचा असतो. उत्तर काय, तर एका माकडाला संमोहित करून ताठ करायचं आणि त्यालाच पाना म्हणून वापरायचं. कारण अमेरिकेत एका प्रकारच्या पान्याला 'मंकी रेंच' म्हणतात. अमेरिकन माणूस हसला असेल. नाना पेठेत गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्याच्या डोक्यात मात्र 'पाना' ऐकून माकड येणं शक्य नाही. कवितेचा अनुवाद करताना श्लेष हातातून निसटतो, तसंच हे. घालणाऱ्याच्या घरचं उत्तर होतं, सोडवणाऱ्याच्या घरी ती वस्तूच नव्हती.

गिल्बर्टला हा अन्याय ठाऊक होता. हे खेळ कुठं फसतात यावर त्यानं १९८९ मध्ये एक लेखच लिहिला आणि नंतर 'मंकी आयलंड' रचताना खेळणारा कायमचा अडकू नये, उगाच मरू नये, याची काळजी घेतली. नायक दहा मिनिटं श्वास रोखू शकतो, अशी बढाई मारतो. त्याला पाण्याखाली दहा मिनिटांहून जास्त ठेवलं, तरच तो मरतो. एवढा वेळ कोण बसतो?

पण कोडं कितीही न्याय्य असलं, तरी अडणं आलंच. आणि या खेळांची खरी चव त्या अडण्यातच होती. अमेरिकेत अडलेल्या खेळाडूंसाठी कंपन्या पैसे घेऊन फोनवर इशारे देत. खास पेन फिरवलं की अदृश्य शाईतला इशारा उमटेल, अशा पुस्तिकाही १९८०च्या दशकात निघाल्या होत्या. आपल्याकडं परदेशी फोन लावणं परवडणारं नव्हतं. मग आम्ही तिघं चहा पीत खल करायचो. कोणी घरी जाताना विचार करायचा, कोणी सकाळी धावत येऊन 'सुचलं!' म्हणायचा. मला एकदा स्वारगेटला पीएमटीची वाट पाहताना उत्तर सुचलं. कवितेची अडलेली ओळही अशीच, आपण तिचा पिच्छा सोडल्यावर येते. मन आतल्या आत काम करत असतं, त्याला फक्त वेळ द्यावा लागतो.

पुढं वेगवान त्रिमितीय खेळांनी बाजार काबीज केला. त्याआधी, १९९३ मध्ये, रँड आणि रॉबिन मिलर या भावांच्या 'मिस्ट'नं लोकप्रियता गाठली होती. त्याच्या साठ लाखांहून अधिक प्रती खपल्या. १९९८चा 'ग्रिम फँडँगो' मात्र वाखाणला गेला, पण बाजारात चालला नाही. खेळ संपल्यासारखा वाटला, प्रेम संपलं नव्हतं. २००१ पासून 'स्कमव्हीएम' नावाची मोफत प्रणाली हे जुने खेळ नव्या यंत्रांवर जिवंत ठेवते आहे. २०१२ मध्ये टिम शेफर या जुन्या रचनाकारानं नव्या खेळासाठी लोकांकडं वर्गणी मागितली, तेव्हा ८७ हजारांवर लोकांनी ३३ लाख डॉलर जमवून दिले. २०२२ मध्ये गिल्बर्टनं स्वतः 'रिटर्न टू मंकी आयलंड' आणला. त्यात नायकाच्या पोतडीतच इशाऱ्यांचं पुस्तक आहे. ते एकदम उत्तर सांगत नाही. आधी थोडं सुचवतं, मग थोडं जास्त. आपली आजी तरी दुसरं काय करायची?

आज कुठल्याही कोड्याचं उत्तर खिशातल्या फोनवर क्षणात मिळतं. त्यात सोय आहे, ती मी नाकारत नाही. पण 'मला येत नाही' आणि 'मला अजून आलेलं नाही' यांत अंतर आहे, आणि मुलांना ते अंतर अनुभवायला वेळच मिळत नाही, याची मला काळजी वाटते. गणित असो, नातं असो की कविता, आयुष्यातली बरीच कोडी दोन-चार दिवस अडून बसल्याशिवाय सुटत नाहीत.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये 'राजी' हा खेळ जगापुढं आणला. म्हणजे तंत्राचं कसब या शहरात आहे. उखाणे, भेदिक, श्लेष यांचं भांडार तर मराठीत पिढ्यान्‌पिढ्या पडून आहे. ज्यात 'पाना' म्हटलं की मराठी माणसालाच खुदकन हसू येईल, असा खेळ कुणी रचला तर मी पुन्हा खुर्ची ओढून बसेन. तोवर सुट्टीच्या दिवशी घरच्या मुलांबरोबर एखादा जुना खेळ लावून पाहा. शेजारी कागद-पेन्सिल ठेवा. अडलात तर फोनवर उत्तर शोधू नका, निदान एक रात्र तरी जाऊ द्या. सकाळी चहाच्या वेळी कोण आधी 'सुचलं!' म्हणतंय, ते बघा.