चौक शिकायचा तो कुणाकडून?

कोळगावला, पालघर जिल्ह्याच्या मुख्यालयात, येणाऱ्या नवख्या माणसाला वारली चित्र म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण एवढेच ठाऊक असते. पाड्यावर शिकणे सुरू होते ते लग्नचौकापासून. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर, पाण्यात कालवलेल्या तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने सवाशिणी चौक लिहितात. होय, 'लिहितात'च म्हणायचे. मधोमध पालघाट देवी. लग्न लावते धवलेरी, आपल्या गाण्यांनी. तिथे भटजीचे काम नाही. मुली शेजारी बसून पाहतात, ऐकतात. रेघ आणि गाणे त्यांच्या हाती एकत्रच येते. उत्तर जपानमधील ऐनू बायकांचे भरतकामही असेच आईकडून मुलीकडे आले.

१९७० नंतर कागद आला, मागोमाग बाजार. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि ती त्यांच्या हाताला शोभणारीच. पण त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या भिंती लिहिणाऱ्या बायांपैकी किती जणींची नावे आपण सांगू शकतो? पुस्तकातून त्रिकोण गिरवून घेणाऱ्या शिक्षकांनी एक तास तरी पाड्यावरच्या धवलेरीला वर्गात बोलवावे, आणि तिला मानधनही द्यावे.