जागा बदलणारा दोष

स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ तीन वाजून सतरा मिनिटांवर थांबलंय. माउस फिरवला तरी बाण हलत नाही. आतले पंखे मात्र फिरताहेत, दिवेही चालू आहेत. पोरगी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबते. त्याचा दिवा लागत नाही.

"पूर्ण अडकलाय," ती म्हणते. "नुसता स्क्रीन गेला असता तर हा दिवा लागला असता." ती वहीत वेळ लिहिते, आणि पुढे त्या वेळी काय चालू होतं तेही: टॉवेलच्या बॉर्डरची फाइल, बाकी काही नाही. वरच्या नोंदींत कधी फाइल आहे, कधी गाणं, कधी रिकामा डेस्कटॉप. कधी दहा मिनिटांत अडकलेला, कधी अख्खा दिवस सुरळीत.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून जवळच एका दोन खोल्यांच्या घरात बसलोय. एप्रिलची दुपार आहे, वर पत्रा तापलाय, शेजारच्या कारखान्यातल्या मागांचा खडखडाट भिंतीतून आत येतोय. आप्पांनी उभी हयात जेकार्डची डिझाइनं केली: ग्राफच्या कागदावर चौकोन रंगवायचे आणि त्यावरून कार्डं पंच करायची. आता बऱ्याच मागांवर इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आलंय, तिथं कार्ड जात नाही, फाइल जाते. म्हणून हा कॉम्प्युटर. सुटे भाग लेकीनं निवडले, जोडलेही तिनंच, इथंच या सतरंजीवर.

"लाइट कमी-जास्त होतीय, त्येचंच असणार," आप्पा म्हणतात. "बाजूचे माग एकदम चालू झाले की बल्ब बघ कसा डिम होतोय."

ती वाद घालत नाही, मल्टीमीटर आणते. मला तिची हीच रीत आवडते; आप्पांचा अंदाज ती मोजून बघते. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२६ व्होल्ट. ठीक आहे. पण फेज आणि अर्थिंगमध्ये ठाम काहीच येत नाही, आकडा नुसता भरकटतो. सॉकेटला तीन भोकं आहेत, तिसऱ्यामागं तार नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात हे आप्पा सांगत होते, त्याचं कारण हे. कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळायला फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बारीक कॅपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर पुरवठ्याच्या जवळजवळ निम्मा दाब पत्र्यावर येऊन बसतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण नव्या यंत्राला अर्थिंग नसणं बरं नव्हेच. मागच्या खोलीतल्या बोर्डाला अर्थिंग आहे. सगळा पसारा तिकडं हलवतात. मुंग्या थांबतात.

तासाभरानं कॉम्प्युटर पुन्हा अडकतो.

दारात आलेला शेजारी सांगून जातो, "फॉरमॅट मारा." तिचं मत वेगळं आहे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्युअरमध्ये कर्नेल-पॉवर ४१ एवढीच लाल नोंद दिसते, आणि तिचा अर्थ मागच्या वेळी कॉम्प्युटर नीट बंद झाला नाही इतकाच. बटण दाबून बंद आपणच केला होता. रोग काय ते त्यातून कळत नाही. प्रोसेसरचं तापमान ती बघते: ६८ अंश, चिंतेचं नाही. मग ती पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करते. डिस्कला हात लावायचा नाही, विंडोज मध्ये आणायचंच नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास लिनक्सही अडकतं, आणि तिचा चेहरा खुलतो. विंडोज, ड्रायव्हर, अपडेट, सगळे एका फटक्यात सुटले. दोष यंत्रात आहे.

आता मेमरी. मेमटेस्ट नावाचा छोटा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून सुरू होतो. तो मेमरीच्या प्रत्येक घरात ठरलेले आकडे लिहितो आणि परत वाचून ताडून बघतो. १६ जीबीच्या दोन पट्ट्या, मिळून ३२ जीबी, म्हणजे सुमारे साडेसत्तावीस हजार कोटी बिट. प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कॅपॅसिटरमधला विद्युतभार, आणि तो सतत गळत असतो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत सगळी मेमरी पुन्हा भरून घ्यावी लागते. तापलं की गळती वाढते.

चाळीस मिनिटं स्क्रीनवर काही घडत नाही. आप्पा चहा घेऊन येतात. आणि पहिली लाल ओळ उमटते. मग दुसरी.

"एकच बिट चुकला?" आप्पा वाकून बघतात. "एवढ्यानं अख्खं यंत्र थांबालंय?"

ती उत्तर शोधते, आणि तिला ते आप्पांच्याच कामात सापडतं. कार्डावरचं एक भोक म्हणजे एक हुक. भोक असेल तर हुक वर जातो, नसेल तर ताण्याचा धागा खालीच राहतो. पंच करताना एक भोक चुकलं तर काय होतं? आप्पा लगेच सांगतात: डिझाइन फिरून आलं की चूक फिरून येते, त्याच फुलात, त्याच पाकळीवर. म्हणून ती सापडते. कापड उलगडायचं, धागे मोजायचे, कार्डाचा नंबर काढायचा.

"इथं कार्ड दर वेळी दुसऱ्याच कापडाला लागतंय, आप्पा," ती म्हणते. मेमरीतलं चुकणारं घर तेच असलं तरी त्या घरात आज चित्राचा ठिपका असतो, उद्या गाण्याचा तुकडा, परवा यंत्राला पुढं काय करायचं ते सांगणारी आज्ञा. ठिपका चुकला तर रंग किंचित बदलतो, कुणाला दिसतही नाही. आज्ञा चुकली की यंत्र जागच्या जागी उभं. मोठ्या सर्व्हरमध्ये असा एखादा चुकलेला बिट दुरुस्त करायला जादा चिप असतात. घरगुती कॉम्प्युटरमध्ये सहसा नसतात.

आप्पा बराच वेळ त्या लाल ओळींकडं बघत राहतात. जॅकार्डनं फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास मागावर कार्डांची माळ चढवली. बॅबेजनं आपल्या गणितयंत्रासाठी तीच कल्पना उचलली आणि अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हॉलरिथनं भोकांच्या कार्डांवर माणसं मोजली. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर त्याच भोकांतून उतरली. या खोलीत बाप आणि लेक एकाच धंद्याची दोन टोकं धरून बसलेत असं मला वाटतं, आणि आप्पांनी विचारलेला प्रश्न मला त्या लाल ओळींइतकाच मोलाचा वाटतो.

काम संपलेलं नाही. ती एक पट्टी काढते, दुसरीची तपासणी लावते. शून्य चुका. मग पहिली, त्याच खाचेत. तिथंही शून्य. रात्रीचे दोन वाजलेत, आप्पा तिथंच कलंडलेत. दोन्ही पट्ट्या निर्दोष, ही खाचही निर्दोष, मग दोघी एकत्र आल्या की चुका का? एकेक करून तपासण्याचा कंटाळा केला असता तर एखादी चांगली पट्टी बदनाम होऊन परत गेली असती.

सकाळी ती दोन्हींची आतली माहिती उघडते. कंपनी एक, मॉडेल एक, खरेदी काही महिन्यांच्या अंतरानं, पैसे जमतील तशी. आतल्या चिप मात्र वेगवेगळ्या, मांडणीही वेगळी: एकीत चिपांचा एक गट (रँक), दुसरीत दोन. दोन्ही खोक्यांवर ३६०० लिहिलंय आणि बायोसमधल्या एक्सएमपी या सेटिंगनं तो वेग चालू केलाय. पण हा आकडा त्या पट्टीपुरता खरा, अनोळखी जोडीदाराबरोबर तो चालेलच असं नाही. प्रोसेसरची अधिकृत मर्यादा ३२०० आहे. ती ३२०० वर आणते आणि भर दुपारी, पत्रा तापलेला असताना, मुद्दाम तपासणी लावते. दुसऱ्या सकाळपर्यंत चालू ठेवते. चार फेऱ्या, शून्य चुका.

माझं म्हणणं असं की घरी जोडलेल्या कॉम्प्युटरवर विंडोज टाकायच्या आधीच एक रात्र ही तपासणी चालवावी. पेन ड्राइव्ह आणि एक रात्र, खर्च एवढाच.

"आता उघडू का फाइल?" आप्पा विचारतात.

"थांबा. विंडोज पुन्हा टाकते. चुकणाऱ्या मेमरीतूनच उतरलंय ते डिस्कवर." तिनं पेन ड्राइव्ह बदललाय. "आणि या दिवसांत सेव्ह केलेलं एकही डिझाइन मागावर द्यायचं नाही. आधी ग्राफशी ताडून बघा."

आप्पा कपाटावरची गुंडाळी खाली घेतात, कागद जमिनीवर पसरतात आणि चारी कोपऱ्यांवर हाताला लागतील त्या वस्तू ठेवतात. "किती फाइली हायत?"

"अकरा."

"वाचायला बस मग. मी चौकोन मोजतो."