तारा तुटला, तर घाबरायचं कशाला?

लोणारचं सरोवर पाहून आलेलं मूल घरी आल्यावर हमखास विचारतं, "आई, तसा दगड आपल्या घरावर पडला तर?"

मैत्रिणींनो, प्रश्न रास्तच आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद. आकाशातून आलेला प्रचंड पाषाण काळ्या कातळावर आदळला आणि ते तयार झालं. पण असे आघात फारच विरळा. दरवर्षी ठराविक रात्री दिसणाऱ्या उल्का वेगळ्या, हे मुलांना नीट सांगायला हवं.

धूमकेतू किंवा लघुग्रह आपल्या वाटेवर धूळ-खडी सांडत जातात. पृथ्वी दरवर्षी त्याच सुमारास ती वाट ओलांडते. रव्याच्या, फार तर हरभऱ्याच्या दाण्याएवढे ते कण हवेत शिरतात आणि खूप उंचावरच जळून जातात. तारा मुळी तुटतच नाही! मग "तारा तुटला, कुणीतरी गेलं" म्हणून धसका कशाला? गरोदर सुनेला घाईघाईनं आत तरी का पाठवायचं?

ऑगस्टमधला १२-१३ तारखेचा उल्कावर्षाव आपल्याकडे बहुधा ढगांत जातो. म्हणून १३-१४ डिसेंबरची रात्र धरा. या उल्का मिथुन राशीतून, पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळून आल्यासारख्या दिसतात. त्यांचा उगम असलेला फेथॉन हा लघुग्रह १९८३ साली सापडला.

आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहा. अमावास्या जवळ असेल तर उत्तम. पौर्णिमेच्या चांदण्यात मंद उल्का दिसत नाहीत. रात्री दहानंतर गच्चीवरचा दिवा मालवून सतरंजीवर उताणं पडा. दुर्बीण नको. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात, तोवर मोबाईलही नको. मिथुन रास दोनच्या सुमारास डोक्यावर येते, तेव्हा उल्का जास्त दिसतात. शहराच्या उजेडात मोजक्याच दिसतील, तेव्हा धीर धरा. लोणारच्या भगिनींनी मात्र रात्री विवराकाठी जाऊ नये; तिथं अभयारण्य आहे. आपली गच्चीच बरी.

"बाईमाणसाचं एवढ्या रात्री वर काय काम?" असं कुणी विचारलंच, तर त्यांनाही बरोबर घ्या. सासूबाईंना शाल, मुलांना स्वेटर, थर्मासमध्ये आल्याचा चहा. मोजायला वही मुलांकडे द्या. दूध विरजून, ओटा आवरून झाला की उरलेली रात्र तुमचीसुद्धा आहे, बरं का!