शिर सलामत, पण पगडीचे काय?

आमच्यासारख्या मध्यमवर्गीय घरांतून वस्तू सहजासहजी निवृत्त होत नाहीत. जुन्या लुगड्याची गोधडी होते, गोधडी विटली की तिचे पायपुसणे होते आणि कान तुटलेला कप मिठासाठी राखून ठेवला जातो. या काटकसरीची मला लाज नाही, उलट थोडा अभिमानच आहे. पण सायकलचे हेल्मेट ही वस्तू अशी आहे की, तिच्यापुढे आपले हे सारे गृहशास्त्र लंगडे पडते.

मराठी शिकवणारी बाई ‘हेल्मेट’ म्हणते म्हणून शुद्धिवाद्यांनी रागावू नये. ‘शिरस्त्राण’ म्हटले की डोळ्यांपुढे पोलादी टोप येतो, आणि ही वस्तू तर पोलादाच्या अगदी उलट स्वभावाची!

आमचे चिरंजीव एका रविवारी डहाणूहून बोर्डीला सायकलवर निघाले. समुद्राच्या कडेचा रस्ता, सुरूची झाडे, चिकूच्या वाड्या. सायकल हाणायला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही. एका वळणावर वाऱ्याने वाळू आणून टाकली होती. पुढचे चाक घसरले आणि स्वारी उजव्या अंगावर कोसळली. कोपर सोलले, डोके डांबरावर आपटले. घरी आला तो हसतच. तरी मी त्याला डॉक्टरांकडे नेलेच. डोक्याच्या मारात हसण्यावर विश्वास ठेवू नये. उलटी, वाढती डोकेदुखी, पेंग यांवर लक्ष ठेवा म्हणून त्यांनी बजावले. सुदैवाने यातले काहीच झाले नाही.

हेल्मेटवर म्हणाल, तर तांदळाच्या दाण्याएवढा एक ओरखडा. “जिवावरचे शेपटावर निभावले,” म्हणत सासूबाईंनी ते ओल्या फडक्याने पुसले आणि खुंटीला अडकवले. ह्यांनी हिशेब मांडला : अठराशे रुपये, वर्षही झालेले नाही, नुसता रंग गेला आहे. घरात मी एकटीच ते टाकून द्यावे म्हणत होते, आणि एकटीने बोलायचे तर पुरावा हवा.

पुरावा हेल्मेटच्या पोटात असतो. वरचे रंगीत कवच हे केवळ पापुद्रा. खरे काम करतो तो आतला दोनअडीच सेंटिमीटर जाडीचा थर, आणि तो असतो चक्क थर्मोकोलचा, जरा दाट जातीच्या. डोके आपटले की त्यातले हवेने भरलेले दाणे चिरडतात, आणि तेवढ्या अंतरात डोक्याला थांबायला सवड मिळते. चिरडलेले दाणे मात्र पुन्हा फुगत नाहीत. चिरडून जाणाऱ्या अस्तराच्या अशा शिरस्त्राणाचे पेटंट अमेरिकेत लोम्बार्ड नावाच्या प्राध्यापकांना १९५३ साली मिळाले. मोटारसायकलच्या हेल्मेटातही आज हेच तत्त्व आहे.

थांबायला सवड मिळण्याचे महत्त्व आमच्या भागाला वेगळे सांगावे लागत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. गाडी थांबली, तरी आतला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. कवटी थांबली तरी आतल्या मेंदूचे तसेच होते.

युरोपात हेल्मेट तपासताना ते नकली डोक्यावर चढवतात आणि सुमारे दीड मीटरवरून लोखंडी ऐरणीवर टाकतात. दीड मीटर म्हणजे साधारण सायकलस्वाराच्या डोक्याची उंची. त्या क्षणी वेग भरतो ताशी साडेएकोणीस किलोमीटर. म्हणजे “मी हळूच चाललो होतो हो!” या सबबीत फारसा अर्थ नाही, उभ्या सायकलवरून कलंडलात तरी डोके तेवढ्याच उंचीवरून खाली येणार.

ह्यांचा पुढचा प्रश्न वकिली होता : “परवा तुझ्या हातून ते टेबलावरून पडले, तेव्हा नाही टाकलेस?” उत्तर सोपे आहे. रिकामे हेल्मेट पावशेराच्या आसपास भरते. त्यात डोके असले की चारपाच किलोंचा भार त्या थरावर येतो. नुसते पडलेले हेल्मेट नीट पाहावे आणि वापरावे. आतल्या गाद्या काढून उजेडात धरावे, केसासारखी चीर दिसते का बघावी, अंगठ्याने दाबून एखादी जागा दुसऱ्या बाजूहून मऊ लागते का पाहावी, दोन्ही बाजूंनी हलकेच दाबून करकर ऐकू येते का ते ऐकावे. पण डोक्यासकट आपटलेले असेल, तर ही तपासणी फक्त ‘टाका’ एवढेच सांगू शकते, ‘ठेवा’ म्हणायचा अधिकार तिला नाही. कवच लवचिक असते, ते पूर्ववत होऊन खालचा खड्डा झाकून टाकते. (जाता जाता : रंग किंवा पेट्रोल लागले तर थर्मोकोल विरघळतो, तेव्हा हेल्मेट रंगवायची हौस मुलांना लावू नये.)

हे सारे ऐकून सासूबाईंनी तोड काढली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचा भाऊ तलासरीकडच्या पाड्यावर राहतो आणि पहाटे सायकलने उंबरगावच्या कारखान्यात जातो. वाटेत महामार्ग, अंधार, अहमदाबादकडे धावणारे ट्रक. “त्याला देऊन टाक. उघड्या डोक्यापेक्षा बरे!”

जुने देणे हा आपल्या घरांतला दानाचा सोपा प्रकार. पण माझ्या मुलाच्या डोक्याला जे चालत नाही, ते दुसऱ्याच्या मुलाला कसे चालेल? मी हे बोलेपर्यंत तो भाऊ बहिणीला न्यायला दारात उभाच होता, आणि सासूबाईंनी हेल्मेट त्याच्या हातात ठेवलेही होते. त्याने ते उलटे केले, आत अंगठा फिरवला आणि ओरखडा पाहिला.

“आजी, हे पडलेले आहे ना?” तो म्हणाला. “आमच्या कंपनीत टोपीवर वरून काही पडले, तर ती टोपी दुसऱ्याला देत नाहीत. नवी देतात.”

ह्यांनी काही न बोलता आतून कात्री आणली आणि दोन्ही पट्टे कापले, म्हणजे कचऱ्यातून उचलून कुणी पुन्हा डोक्यावर घालायला नको. त्या रविवारी आम्ही दोन नवी हेल्मेटे आणली. तलासरीच्या त्या भावाला पहिल्यांदा ते सैल झाले. मागची चकती फिरवून घट्ट केली, हनुवटीखाली दोन बोटे शिरतील एवढाच पट्टा ठेवला, भुवयांवर दोन बोटे जागा सोडून पुढची कड बसवली. मान जोरात हलवून त्याने ते हलत नाही याची खात्री करून घेतली आणि किंमत विचारली. दर महिन्याला दोनशे रुपये देईन, म्हणाला. आतापर्यंत दोन हप्ते आले आहेत.