शहर-सुधारणा, गावकुस आणि आपले आरोग्य

मी चांदूर रेल्वे येथे समाजशास्त्र शिकवतो. नागरीकरणाचे प्रकरण चालू असताना बी. ए. च्या वर्गातील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, झोपडी गेली अन् पक्कं घर मिळालं, तर त्यात वाईट काय झालं? आपण उगाच विरोध करतो काय?" वर्गात कोणी हसले नाही. त्यांच्यातील कित्येकांची घरे टिनाची आहेत आणि पक्के घर ही त्यांच्या आईची जन्मभराची इच्छा आहे. त्या तासाला मला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर होय.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. झोपडीचा गौरव मला करायचा नाही. मी स्वतः रुळालगतच्या टिनाच्या घरात वाढलो. वडील जिनिंगमध्ये गाठी उचलत. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. पावसाळ्यात चूल पेटत नसे, आणि शौचाला जाण्यासाठी आईला अंधार पडण्याची वाट पाहावी लागे. झोपडीत काव्य असते असे झोपडीत कधी न राहिलेल्यांनाच वाटते. बाबासाहेबांनी आपल्याला खेडे सोडून शहराकडे जायला सांगितले ते गावकुसाबाहेरचे जिणे संपावे म्हणून. तेव्हा शहर सुधारावे, पक्की घरे व्हावीत, हे आपलेच मागणे आहे. प्रश्न एवढाच की, सुधारणेच्या नावाने जे बांधले जाते त्यात गावकुस मोडते, की नव्या जागी पुन्हा उभे राहते? आणि याचा निवाडा करण्याचे एक चांगले माप आपल्या हाती आहे. ते म्हणजे तेथे राहणाऱ्या माणसाचे आरोग्य.

हा विषय आजचा नाही. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेगची साथ आली. साथ गलिच्छ वस्तीतून पसरते, म्हणून वस्त्या पाडून शहर मोकळे करावे, या विचाराने १८९८ साली मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रुंद रस्ते काढले गेले, दाट वस्त्या जमीनदोस्त झाल्या. परंतु पहिल्या वर्षांत पाडणे भराभर झाले आणि बांधणे मागे पडले. ज्यांची घरे गेली ते शेजारच्या चाळींत दाटीवाटीने शिरले. आरोग्याच्या नावाने एका गल्लीतील गर्दी दुसऱ्या गल्लीत ढकलली गेली. या कथेची ही एक बाजू झाली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच ट्रस्टने परळला बांधलेल्या चाळीत बाबासाहेब सुमारे वीस वर्षे राहिले. पुढे १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथे चाळी बांधल्या. त्यांनाच आपण बी. डी. डी. चाळी म्हणतो. एकेक खोली अवघी १६० चौरस फुटांच्या आसपास, शौचालय सामायिक. तरीही याच चाळींतून आपल्या चळवळीची एक पिढी उभी राहिली. असे का झाले? सरकारी खोली देताना भाडेकरूची जात विचारणारा घरमालक मध्ये नव्हता. गिरणी आणि गोदी पायी जाण्याच्या अंतरावर होती. घर आणि रोजगार एकमेकांपासून तुटले नव्हते. खोली लहान असूनही माणूस शहराच्या आत होता. हे सूत्र ध्यानात ठेवावे, कारण पुढच्या काळात नेमके तेच तुटले.

१९७१ साली महाराष्ट्रात झोपडपट्टी सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकासाचा कायदा झाला. १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले. या योजनेचे गणित साधे आहे. बिल्डरने झोपडीवाल्यांना फुकट घर बांधून द्यायचे आणि त्याच्या मोबदल्यात मिळालेले जादा बांधकाम खुल्या बाजारात विकायचे. शासनाचा पैसा लागत नाही, म्हणून ही योजना सर्वांना प्रिय. पण ज्याला विक्रीसाठी जागा हवी तो पुनर्वसनाची इमारत कमीत कमी जमिनीवर उंचच उंच रचणार, हे उघड आहे. दाटी आवरण्यासाठी नियम असतात अशी आपली समजूत असते. येथे मात्र हेक्टरी किमान ५०० घरे बसलीच पाहिजेत असा नियम होता आणि पुढे हा आकडा ६५० झाला. दाटीची कमाल मर्यादा आपण ऐकली होती. दाटीची किमान मर्यादा केवळ गरिबांच्या वाट्याला आली.

माझी एक आत्या लग्नानंतर याच चांदूरच्या फलाटावरून मुंबईला गेली. तिकडेही तिचे घर रुळालगतच होते. रेल्वेमार्ग वाढवण्यासाठी त्या झोपड्या उठल्या आणि तिला पूर्व उपनगरातील एका पुनर्वसन वसाहतीत २२५ चौरस फुटांचे घर मिळाले. पहिल्या मजल्यावर, स्वतःचे न्हाणीघर असलेले. आमच्या घरी त्या दिवशी साखर वाटली गेली. काही वर्षांनी मी एम. ए. ला असताना तिच्याकडे गेलो, तर भर दुपारी दोन वाजता घरात दिवा लावलेला. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत. धुणीभांड्याची जुनी कामे लांब पडली म्हणून सुटली होती. लिफ्ट बंद, आणि देखभालीचा खर्च मात्र दरमहा मागे लागलेला. आत्याला खोकला होता. पुढे तो क्षय निघाला. तिच्यानंतर तिच्या सुनेलाही झाला. आत्या म्हणाली, "बाबू, घर त भेटलं, पन हवा नाई भेटली."

हे तिच्या एकटीचे दुर्दैव म्हणून सोडून देता येत नाही. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी लाखभर माणसे रुळांकाठाहून आणि रस्त्यांकाठाहून हलवली गेली. या प्रकल्पाला जागतिक बँकेचे कर्ज होते. पुनर्वसनाबद्दल इतक्या तक्रारी झाल्या की बँकेच्याच तपासणी मंडळाने चौकशी केली आणि २००६ साली रस्ते व पुनर्वसन या भागांची रक्कम काही महिने रोखून धरली गेली. मानखुर्द-गोवंडी परिसरातील लल्लूभाई कंपाउंड व नटवर पारेख कंपाउंड या अशाच वसाहती. तेथील क्षयरोगाचा अभ्यास २०१८ साली पुढे आला. दोन इमारतींमध्ये अंतर केवळ तीन मीटरच्या आसपास, खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, वारा खेळत नाही आणि क्षयाचा भार त्या मजल्यांवर अधिक, असे त्यात दिसून आले.

यामागचे शास्त्र विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. क्षयाचे जंतू खोकल्याबरोबर हवेत येतात आणि सूक्ष्म कणांवर कित्येक तास तरंगत राहतात. वारा त्यांना पातळ करतो, ऊन त्यांना मारते. जेथे दोन्ही नाही तेथे एका रोग्याचा श्वास साऱ्या घराचा श्वास होतो. पण जंतू शिरला म्हणजे रोग झालाच असे नाही. शरीर धडधाकट असेल तर ते त्याला दाबून ठेवते, पोट रिकामे असेल तर तो डोके वर काढतो. झारखंडमधील एक मोठा प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला. क्षयरोग्याच्या घरातील माणसांना पोषक शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. आता दोन्ही टोके जोडा. पुनर्वसनाने आत्याचे ऊनवारे नेले आणि कामही नेले. म्हणजे जंतूला वाट दिली आणि शरीराची ढाल काढून घेतली. औषध दवाखान्यात फुकट मिळते, परंतु रोग घराच्या नकाशात आणि हातच्या रोजगारात असेल तर गोळी किती काळ पुरणार?

माहुलचे उदाहरण तर याहून उघडे आहे. चेंबूरलगतच्या या भागात तेलशुद्धीकरणाचे कारखाने आहेत. तेथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, हे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच मान्य केले होते. आणि २०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडून हजारो माणसांना तेथेच घरे देण्यात आली. श्वसनाचे आणि त्वचेचे विकार घेऊन ही माणसे रस्त्यावर बसली, न्यायालयात गेली. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, कोणालाही माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही. पर्यायी घर देता येत नसेल तर दरमहा १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत द्यावी. जेथे राहणे धोक्याचे असे ठरले, तीच जागा गरिबांसाठी योग्य मानली गेली. गावकुसाबाहेरची जागा निवडण्याची रीत अशीच होती. मेलेली ढोरे ओढण्याची जागा जेथे, तेथेच आमची वस्ती.

या व्यवस्थेने एक नवा शब्द दिला आहे, 'अपात्र'. ठरावीक तारखेपूर्वीचा कागद असेल तर माणूस पात्र, नसेल तर अपात्र. पुरात कागद वाहून गेला, भाड्याने राहत होता, गावाहून उशिरा आला, अशी कारणे कोणी ऐकत नाही. धारावीच्या पुनर्विकासात अशा अपात्रांना धारावीबाहेर घरे देण्याची योजना आहे आणि त्यासाठी ज्या जमिनी पुढे आल्या त्यांत देवनारच्या कचराभूमीची जमीन आहे. जुने गावकुस जन्मावरून ठरत असे, नवे तारखेवरून ठरते. तारखेला जात नसते असे कोणी म्हणेल. परंतु ज्यांच्या आज्यापणज्यांना जमीन धारण करण्याची मुभाच नव्हती, त्यांच्याजवळ जमिनीचा कागद कोठून असणार? जात न विचारताही कागद जात सांगतो.

मुंबईच्या या गोष्टी चांदूरला कशाला, असे वाटेल. म्हणून इकडचे पाहू. आमच्या लहान गावांत बिल्डर नाही, पण घरकुल आहे. रमाई आवास असो की पंतप्रधान आवास, स्वतः घर बांधण्यासाठी अनुदान हवे तर आधी जागा स्वतःच्या नावावर हवी. ज्याच्याजवळ आखीव पत्रिका नाही, पट्टा नाही, त्याचे नाव यादीतून गळते. म्हणजे जो सर्वांत गरजू तोच योजनेच्या बाहेर. २०१८ साली राज्य शासनाने १ जानेवारी २०११ पूर्वीची, शासकीय जागेवरील निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. तो किती वस्त्यांपर्यंत पोचला हे कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी तपासावे.

तीच गोष्ट रस्त्यांची. वऱ्हाडातील एका तालुक्याच्या गावी रस्ता रुंद झाला, दुभाजकात झाडे लागली. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील त्या रस्त्यावर चपला शिवायला बसत. त्यांची पेटी उचलली गेली. दुसरी जागा मिळाली ती गिऱ्हाईक फिरकत नाही तेथे. घरात आधी भाजी बंद झाली, मग वडिलांची रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड झाली. मुलाने सांगितले तेव्हा कळले. कोणत्याही आरोग्य अहवालात हे येणार नाही. आणि आपल्या विदर्भात सिकलसेल आहे, विशेषतः आपल्या आणि आदिवासी समाजात. या रोग्याच्या अंगात पाणी कमी पडले की रक्तपेशी अडकतात आणि वेदनांचा झटका येतो. वस्ती नळापासून आणि दवाखान्यापासून दूर ढकलली जाणे म्हणजे त्याच्यासाठी काय, हे वेगळे सांगायला नको.

मग करावे काय? कायदा काही प्रमाणात आपल्या बाजूला आहे. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कात मोडतो असे म्हटले. मात्र रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटवण्याची मुभाही त्याच निकालाने ठेवली, हे विसरू नये. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण पुरे होईपर्यंत विक्रेत्याला उठवता येत नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, झोपडी अनधिकृत आहे म्हणून पाणी नाकारता येणार नाही. १९२७ साली महाडला जे मागितले गेले, ते शहरातील झोपडीसाठी २०१४ साली न्यायालयाच्या कागदावर आले.

कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी कोणतीही सुधारणेची योजना आली की चार प्रश्न विचारावेत. ज्यांच्यासाठी योजना म्हणतात, त्यांच्यातील किती जण तेथेच राहणार आणि किती जणांना बाहेर काढणार? नव्या घरातून कामाला, शाळेला आणि दवाखान्याला किती पैसे व किती वेळ लागेल? तळमजल्यावर दुपारी ऊन येते काय? आणि पाच वर्षांनी तेथील माणसांचे वजन, खोकला, रक्त कोण तपासणार? शेवटच्या प्रश्नाला शासनाकडे उत्तर नसेल तर विद्यार्थ्यांनी वही घेऊन घरोघर जावे. पाहणी करायला पदवी लागत नाही, आणि ज्यांच्याजवळ पदवी आहे त्यांनी ती निदान या कामी वापरावी.

त्या विद्यार्थ्याला आता मी सांगेन, पक्के घर मिळाले त्यात वाईट काही नाही. ते माग, हक्काने माग. पण घर मोजताना चौरस फुटांवर थांबू नकोस. खिडकी उघडून पाहा, आईला विचार काम किती दूर पडले, आजीला विचार ती शेवटची खाली केव्हा उतरली. ही उत्तरे बरी आली तर ती सुधारणा. नाहीतर आपल्यासाठी गावकुस पुन्हा बांधले गेले आहे, फक्त या वेळी सिमेंटचे.