अस्सल विंदालू किती पाउंडांना?

लंडनमध्ये भारतीय जेवणाच्या दोन पंगती बसतात. एक गल्लोगल्लीच्या करी हाउसांतली. ती बहुतेक आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेटहून गेलेल्यांनी थाटली. दुसरी मेफेअरच्या 'टॅमरिंड'सारख्या उंची रेस्तराँतली. २००१ साली 'टॅमरिंड' आणि 'झायका' यांना मिशलिनचा तारा मिळाला आणि पहिली पंगत नकली, दुसरी अस्सल, असं म्हणणं सोपं झालं. ही वाटणी मला मान्य नाही. करी हाउसात कांद्याची एकच ग्रेव्ही मोठ्या पातेल्यात शिजते आणि तिच्यातूनच काही मिनिटांत कोर्मा, मद्रास, विंदालू तयार होतात, हा मुख्य आक्षेप. पण लाल, पांढऱ्या, पिवळ्या ग्रेव्हीवर आपल्याकडची हॉटेलंही चालतात. ऑर्डर आल्यावर वाटण वाटायला बसलं तर गिऱ्हाईक उठून जाईल.

विंदालूचंच बघा. गोव्यातलं विंदालू डुकराच्या मांसाचं, लसूण आणि माडाच्या व्हिनेगरात मुरवलेलं, दुसऱ्या दिवशी जास्त चवदार लागणारं. त्याचं मूळ पोर्तुगीज. त्यातली मिरचीही अमेरिका खंडातून आलेली. मुळाशी ताडून पाहायचं तर गोवाही नापास! मग काहीही रांधलं तरी चालतं का? नाही. व्हिनेगर तिथे शोभेला नसतं. ते मांस टिकवतं, चरबीचा जडपणा कापतं. करी हाउसांत विंदालू म्हणजे 'मद्रासहून तिखट' एवढंच उरलं, त्यात बऱ्याच ठिकाणी बटाटेही आले. तो वेगळा पदार्थ झाला, आणि तो चांगलाही असू शकतो. उंची रेस्तराँने मांस नीट मुरवलं तर त्याचं विंदालू गोव्याला जवळचं ठरेल, पण ते श्रेय मुरवण्याचं, टेबलावरच्या पांढऱ्या कापडाचं नव्हे.

दराचं गणित निराळंच आहे. न्यू यॉर्कमधले अभ्यासक कृष्णेंदु राय यांची मांडणी अशी की, परक्या समाजाच्या जेवणाला मिळणारा दर त्या समाजाच्या प्रतिष्ठेनुसार ठरतो. अमेरिकेत इटालियन लोक गरीब स्थलांतरित होते तोवर त्यांचं जेवण स्वस्त होतं; ते वर आले, तसे दरही चढले. करी हाउसाची स्वस्ताई मला त्याच जातीची वाटते. गंमत म्हणजे सिल्हेटी घरांतली शुटकी, म्हणजे सुकी मासळी, किंवा शातकोरा या आंबट फळात शिजवलेलं मांस करी हाउसाच्या मेन्यूवर क्वचितच दिसतं. इंग्रज गिऱ्हाइकाला जे हवं होतं, तेच तिथे शिजलं; आणि अस्सलपणावर वाद घालणाऱ्यांनाही शातकोऱ्याची आठवण सहसा होत नाही.